पाटीपासून फाटकापर्यंत

सिग्नल मिळेना म्हणून त्या दुपारी डिझेल इंजिन नेमकं विशाखाच्या अंगणासमोर थांबलं. ती दोरीवर धुणं टाकत होती. ड्रायव्हरनं खिडकीतून पाणी मागितलं. तिनं तारेच्या कुंपणावरून बाटली दिली, आणि सोबत टोमणाही.

"तुमचं इंजिन हल्यासारखं ओरडतं. आमच्या आजोबांचं वाफेचं होतं, ते गायचं."

"गाणं नाय येत त्याला," तो हसला, "पण वेळेवर ओरडतं."

शिवराज त्याचं नाव, खुलताबादकडचा. मग क्रांती चौकात चहा झाला… पुन्हा झाला… आणि एका संध्याकाळी चहा निवून गेला तरी दोघं उठले नाहीत. सरळ सांगायचं तर ती प्रेमात पडली होती.

जात वेगळी, म्हणून शिवराजनं वर्षभर हट्ट धरून घरच्यांना तयार केलं. इकडे आजोबांचं, अप्पारावांचं, जातीवरून काहीच म्हणणं नव्हतं. घोडं अडलं डिझेलवर! त्यांच्या काळी प्रत्येक ड्रायव्हरची आपली शिट्टी असायची. त्यांची एक लांब अन् मागून दोन आखूड. ती ऐकली की आजी केसरबाई तवा चुलीवर ठेवायच्या. डिझेल आलं, शिट्टी गेली, राग तेवढा राहिला.

"माझी शिट्टी वाजवून दाखव म्हणावं," त्यांनी अट घातली.

शिवराज नाही म्हणाला. "हॉर्न लोकांच्या जिवासाठी है, विशाखा. तुझ्यासाठी बी खेळणार नाय."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण कान रुळांकडेच होते. तिसऱ्या दिवशी ती आजोबांपुढं जाऊन उभी राहिली — परीक्षा त्याची नको, माझी घ्या. रुळांकडं पाठ करून बसते, नुसत्या हॉर्नवरून त्याची गाडी ओळखून दाखवते. चुकले तर त्याचं नाव काढणार नाही.

रविवारी ती रुळांकडं पाठ करून पीठ मळत बसली. वेळेवरून ओळखता येऊ नये म्हणून घड्याळ अप्पारावांच्या खिशात. पहिली गाडी गेली, ती हलली नाही. दुसरीही गेली. तिसरीचा हॉर्न उठला आणि तिचे हात थांबले. तिनं तवा गॅसवर ठेवला. "हाच."

अप्पारावांनी चष्मा सावरला. इंजिनाच्या खिडकीत शिवराज होता.

"कसं ओळखलंस गं? सगळ्यांचा आवाज सारखाच की."

"बाकीचे लिंबाच्या झाडापुढं आल्यावर वाजवतात, आजोबा. हा नियमाप्रमाणं, हॉर्न वाजवायच्या पाटीपाशीच सुरू करतो… आन् फाटक ओलांडेस्तोवर हात काढत नाय. रोज."

अप्पारावांनी खिशातलं घड्याळ काढून तिच्यापुढं ठेवलं. घरी ऐकू जावी म्हणून ते स्वतः कैकदा पाटी सोडून पुढं येऊन शिट्टी वाजवायचे. हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं. मग केसरबाईंकडं वळून म्हणाले, "त्याची ड्यूटी सुटंल आता. एक भाकर जास्तीची टाक."

केसरबाईंनी परातीत डोकावून पाहिलं. विशाखानं त्याच्या वाटचं पीठ आधीच धरून मळलं होतं.