वाडीकडची भिंत

गिरीजच्या रस्त्याला आमची चार मजली पद्मावती. मजल्यावर सहा बिऱ्हाडं, आणि सगळी फुकटी. उसन्या साखरेची वाटी घासूनपुसून परत करणारी ही माणसं माझं वायफाय मात्र बिनदिक्कत वापरायची. २००९ साली अख्ख्या इमारतीत राउटर आमच्याकडेच होता. माझ्या नवऱ्यानं, हर्षवर्धननं, नोकरीसाठी मस्कतला जाताना तो बसवून दिला. पासवर्ड लावायचं काही त्याला सुचलं नाही.

सेक्रेटरी जयवंतरावांना मी एकदा स्पष्टच विचारलं. म्हणाले, "वहिनी, ते हवेतून येतं. हवा काय तुमची एकटीची आहे?" असा माणूस आम्ही तीनदा निवडून दिलाय.

माझं अडलं होतं चिऊचं बारसं. दोन महिन्यांची झाली, तरी पोरीला नाव नव्हतं. हर्षवर्धनला बारसं निदान स्क्रीनवर बघायचं होतं, आणि आमच्या स्क्रीनवर तो कायम अर्ध्या जांभईत अडकलेला. नाव मी निवडायचं, त्यानं ते बारशालाच ऐकायचं, असं ठरलेलं. म्हणून मी ते कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. फक्त पासवर्ड म्हणून टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी जयवंतराव दारात. "नेट गेलं का हो, वहिनी? आमच्या विघ्नेशचा प्रोजेक्ट अडलाय."

"हवेलाच विचारा ना."

फुकटे गेले, तरी नेट हलेना. लॅपटॉप बंद असतानाही राउटरचा दिवा भराभर लुकलुकायचा, कुणी घाईनं बोलत असल्यासारखा. मी राउटर कपाटावर ठेवून पाहिला, त्याच्यामागे पोळ्यांचा फॉइल उभा केला. शेवटी टोकाच्या भिंतीशी नेला, आणि नेट धावायला लागलं. त्या भिंतीपलीकडे घर नाही, गॅलरी नाही. तीन मजले नुसती हवा आणि खाली केळीची वाडी. या लोकांपासून लांब, म्हणून चालत असेल, मी म्हटलं. पाळणाही तिथेच हलवला. चिऊच्या टाळूवर तेल थोपटत बसले की ती माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघून खुदकन हसायची. भिंत हाताला ओली लागायची, भर मे महिन्यात. मी बिल्डरला शिव्या घातल्या.

बारशाच्या दुपारी शेजारणी जमल्या, अर्धं लक्ष घुगऱ्यांवर. स्क्रीनवर हर्षवर्धन इतका स्वच्छ, की दाढीचे खुंट दिसत होते. माझी नणंद अश्लेषा पाळण्याशी वाकली. आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं नाव मी आता तिला सांगणार होते.

"मृण्मयी! वा!" हर्षवर्धन म्हणाला.

मी स्क्रीनकडे वळले.

"तुला कोणी सांगितलं?"

"अगं, त्या आजींनी. आठवडाभर ऐकतोय. चित्र अडकलं की त्यांचं चालूच असायचं. मी म्हटलं, कळलंय असं दाखवायला नको. आज मात्र मोठ्यानं म्हणाल्या."

"कुठल्या आजी?"

"तुझ्या मागच्या."

माझ्या मागे भिंत होती.

अश्लेषा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी पासवर्ड बदलला. राउटर स्वयंपाकघरात नेला, पाळणा बाहेरच्या खोलीत. नेट आता घरात कुठेही धावतं. जयवंतराव अजून रुसलेलेच आहेत.

चिऊ रांगायला लागलीये. मी दोन्ही हात पसरून "मृण्मयी" अशी हाक मारते. ती थांबते. त्या भिंतीकडे तोंड वळवून थोडा वेळ ऐकते.

मग माझ्याकडे येते.