सहा नंबरच्या बेडची कमेंट

"दीदी, पेशंटसाठी डॉक्टरले बोलावलं, अन् मले म्हणते हॉस्पिटलची बदनामी केली!" नर्स दीक्षा मेश्राम खुर्चीत बसायच्या आधीच कडाडली.

शंकर नगरातल्या आपल्या ऑफिसात गुप्तहेर विनोदिनी देशकर शांतपणे ऐकत होती. तिचे मामा दत्तोपंत मात्र खवळले. बीरगावाहून आलेल्या गरीब पोरीवर आळ घेतात मेले!

मंगळवारी संध्याकाळी पाच ते साडेपाच ड्यूटीवरचे डॉ. यशोधन केबिनमधून हॉस्पिटलच्या पेजवर लाइव्ह होते, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. पाच-दहाला लाइन गेली. जनरेटर लागेपर्यंत मिनिटभर अख्खी बिल्डिंग अंधारात होती. तेवढ्यात सहा नंबरच्या बेडवरच्या तुळशीरामचा श्वास कोंडला.

"सर फोन उचलेनात, दार उघडेनात. मग लाइव्हवरच लिहिलं, सर, बेड सहा, लवकर या. खाली पेजचं उत्तर आलं, 'आपके स्नेह के लिए धन्यवाद'! मग कमेंटच उडवली."

दुसऱ्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी तुळशीरामला वाचवलं. दीक्षाची नोकरी मात्र गेल्यातच जमा होती.

तिघं हॉस्पिटलात पोचली. पेज सांभाळणारा पियुष म्हणाला, "मैडम, सर सामने ही बैठे थे. मोबाइल मैंने पकड़ा था."

"प्रत्येक कमेंट मी वाचत होतो," डॉ. यशोधन म्हणाले. "हिची नव्हतीच. चूक झाकायला नंतर रचून सांगतेय."

दत्तोपंत पेजवरचा तो व्हिडिओ बघत होते. "काय झकास काढलाय! चेहऱ्यावर सावली नाही, पंखासुद्धा अर्धा तास एका लयीत. फक्त एक बाई हाताला येणाऱ्या मुंग्यांबद्दल चारदा विचारतेय, तिला उत्तर नाही."

"मामा, केस तुम्हीच सोडवलीत."

दत्तोपंतांना काही कळलं नाही, तरी छाती फुगली.

"डॉक्टर, अख्खी बिल्डिंग अंधारात असताना तुमचा पंखा कसा फिरला?" विनोदिनीनं विचारलं. "कमेंटी वाचत होतात, तर त्या बाईला उत्तर का नाही? व्हिडिओ आधीच काढलेला होता. पाचला लाइव्ह म्हणून सोडलात. ड्यूटी सोडून होतात कुठं?"

पियुषच बोलून गेला. "सर चौबे कॉलोनी में थे, अपने क्लिनिक पर."

डॉक्टर खाकरले. "दीक्षा, उद्यापासून ये कामावर. विषय संपवू."

"येईन ना. पण आधी माफी मागा. त्याच पेजवर, सगळ्यांसमोर." दीक्षानं मोबाइलचं स्टँड त्यांच्यापुढे सरकवलं. "अन् सर, यावेळी खरं लाइव्ह."

डॉक्टर पुटपुटू लागले. दत्तोपंतांनी चष्मा सावरला आणि आयुष्यातली पहिली कमेंट टाकली: 'आवाज येत नाही. मोठ्यानं बोला.'