कचेरीतून घरी

मुलांनो, तुम्ही सगळे माझ्याबरोबर चालताय असं समजा. सावली गावापासून जंगलाकडे जाणारा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना धानाचे बांध. बांध संपून साग सुरू होतो तिथे कौलारू छपराची एक लांब इमारत डोळ्यांसमोर आणा. पुढे मोठा ओटा, त्यावर सागाचे खांब. माणूस बसल्यावर पाठ जिथे टेकते, तेवढ्याच उंचीवर ते खांब गुळगुळीत झालेले. ही आमच्या गावची जंगलखात्याची जुनी कचेरी.

कचेरी कुणी बांधली ते आता कुणाला ठाऊक नाही. म्हातारी माणसं एवढंच सांगत, की जंगलातून कुणी सरपण आणलं, कुणाची गुरं आत शिरली, की त्या माणसाला आणून ओट्यावर बसवत. साहेब दौऱ्यावरून येईपर्यंत बसायचं. कुणी दुपारपर्यंत बसलं, कुणी पावसाळाभर. सगळेच काही घरी परतले नाहीत.

आमच्या काळात ललिता तिथे झाडलोट करायची आणि विहिरीचं पाणी रांजणात भरायची. तिची मुलगी दिव्यानी माझ्या शाळेत चौथीत होती. चैत्रात ललिता पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला नेलं. मागे राहिल्या दिव्यानी आणि तिची आजी बुधरी.

त्यांच्या घरात एक रीत आहे. गेलेल्या माणसाला परत घरी बोलावतात. जिथे जीव गेला तिथे तांब्याभर पाणी घेऊन जायचं, नावाने हाक मारायची, आणि मागे न बघता घरी यायचं. घरात जमिनीवर पिठाचा पातळ थर टोपलीखाली झाकलेला असतो. माणूस आलं, की पिठावर खूण उमटते. मग ते घरच्या पूर्वजांत बसतं. खूण उमटली नाही, तर ते बाहेरच राहतं, कायमचं.

बुधरीने मोहाच्या झाडाखालून लेकीला हाक मारली. टोपली उचलली. पीठ कोरं होतं.

त्याच सुमारास कचेरी नव्या इमारतीत गेली आणि जुनीला कुलूप लागलं. एका सकाळी तिथले शिपाई लियाकतभाई माझ्याकडे आले.

"गुरुजी, चला न जरा. ओटा कोन झाडून राह्यलं, समजत नाई."

मी गेलो. ओटा लख्ख होता. सागाची पानं एका कोपऱ्यात सारलेली. त्यांनी कुलूप उघडलं. आतला रांजण काठोकाठ भरलेला, त्याच्या अंगावरून थेंब ओघळत होते. मी विहिरीचा दोर हातात धरून पाहिला. खडखडीत कोरडा.

"गावातलं कुणीतरी पोर असेल," मी म्हणालो.

"कुलपातून पानी भरते का पोर? तुमी तं शाळा शिकवता, तुमीच सांगा."

मी कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

मी बुधरीच्या घरी जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी तिले मोहापाशी बोलावून राह्यलो, अन् हे तिकडं कामावर! मेल्यावर बी ड्युटी करते, येडी पोरगी." ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

दिव्यानी म्हणाली, "तिले कोनी सांगतलंच नाई, का सुट्टी झाली म्हनून."

दुसऱ्या दिवशी इमारत पाडायला जेसीबी येणार होता. त्यानंतर ललिताला हाक मारायला जागाच उरली नसती. बुधरीचे गुडघे धरलेले. म्हणून ती पीठ पसरून घरी थांबली, आणि तांब्या दिव्यानीने उचलला. मी सोबत निघालो.

दुपार होती. वारा नव्हता. लियाकतभाईंनी दार उघडलं आणि टोपी नीट करून बाजूला उभे राहिले.

दिव्यानी उंबऱ्यात थांबली. "आई, चाल. सुट्टी झाली. घरी चाल."

आत काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. केरसुणी ठेवावी तसा, हलका.

आम्ही वळलो आणि चालू लागलो.

मागे वाळकी पानं वाजली. अनवाणी पायांखाली वाजतात तशी. दिव्यानीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिने मान वळवली नाही. मीही नाही.

बांधापाशी आलो तेव्हा पानांचा आवाज वाढला होता.

"गुरुजी, आई एकटीच हाये न?" तिने हळूच विचारलं.

मी तिचा खांदा धरला.

घर आलं. बुधरीने टोपली उचलली. पिठावर पाऊल नव्हतं. सगळं पीठ झाडून एका कडेला सारलेलं होतं.

"आली," बुधरी म्हणाली. तिने त्या पिठावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "दार लाव, माय."

दिव्यानी दाराशी गेली. अंगणात कुणी दिसत नव्हतं. फक्त धूळ उडत होती, खूप पायांनी उडावी तशी, आणि दाराशी येऊन थांबत होती.

तिने दार लावलं नाही. ती बाहेर गेली. रिकाम्या जागेसमोर उभी राहून तिने मान वर केली.

"ओट्यावरच्या साऱ्यांले बी सुट्टी झाली. तुमचं गाव कोन्तं, भाऊ?"

थोडा वेळ ऐकलं. मग हात लांब करून नागभीडकडचा रस्ता दाखवला.

एक पाऊल बाजूला सरकली. "अन् तुमचं, बाई?"

पुन्हा सरकली. या वेळी तिने मान वर केली नाही. ती खाली वाकली, आपल्याहून लहान कुणाशी बोलावं तशी.