तुमच्या घरी कोणतं आहे?

खोटं बोलायला तुम्ही शिकवलंत मला. आईबाबांनी नाही, शाळेनं नाही, तुम्ही. तुमचा पांढरा शर्ट अंगावर चढवून, त्या लांबलचक काचेच्या टेबलाशी उभं करून, प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी सांगितलंत: गिऱ्हाइकानं विचारलं, 'तुमच्या घरी कोणतं मशीन आहे?' तर हसायचं आणि म्हणायचं, 'हेच.'

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर कळतंय. ज्यांच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी लोक पँटला हात पुसतात, ते तुम्ही. तुमचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही, पण तुमचे नियम तोंडपाठ आहेत. 'स्वस्त' हा शब्द शोरूममध्ये काढायचा नाही. हसताना दात दिसले पाहिजेत, हिरड्या नकोत. गिऱ्हाईक अडखळलं की म्हणायचं, 'हे तुमच्यासाठीच बनलंय.'

आता त्या एका 'हेच'नं काय केलं ते ऐका. गोष्ट प्रेमाची आहे. तुम्हाला तिच्यात रस नसेल, पण तुम्ही तिच्यात आहात.

बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं, अशा एका दुपारी तो आत आला. आल्या आल्या एसीखाली उभा राहिला. डोळे मिटून, मान मागे टाकून. नुसती हवा खायला येणारे बरेच असतात. मला वाटलं, त्यातलाच हा एक. खांद्याला कापडी पिशवी. बोटं हिरवी, शाईची. मग डोळे उघडून सरळ डेस्कटॉपसमोर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"ह्यात जरा स्वस्तातलं काही नाही का हो?"

शेजारच्या टेबलावरच्या नवराबायकोनं वळून पाहिलं.

"सर, आमच्याकडे सुरुवात इथूनच होते," मी म्हणाले. दात. हिरड्या नाहीत.

"तुमची सुरुवात फारच उंचावर आहे." त्यानं किमतीच्या पाटीकडे मान वर करून पाहिलं, गच्चीवरच्या माणसाशी बोलावं तसं. "मला स्क्रीन नकोय. आहे माझ्याकडे. कीबोर्ड आहे, माउस आहे. नुसतं आतलं मशीन द्या ना... साध्या पत्र्याच्या डब्यात घालून. दिसायला कसंही चालेल. मी टेबलाखालीच ठेवणार."

माझ्या शेजारी काम करणारी, जिला आम्ही सगळे बाहुली म्हणतो, ती फिसकन हसली. "पत्र्याचा डबा! बिस्किटं आहेत का ती?"

आणि मीही हसले. ते तुमच्या प्रशिक्षणात नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं. माझी लाज तिथून सुरू होते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुम्ही दाखवायला नको.

तो चिडला नाही. कान तेवढे लाल झाले. "मी बेडूक काढतो," तो म्हणाला.

"काय?"

"शाळेच्या पुस्तकांतला. पोट फाडलेला बेडूक, फुलाचा छेद, माणसाचं हृदय. तुम्ही शाळेत ज्याला मिशा काढल्या असतील ना, तो माझ्यासारख्याच कुणीतरी काढलेला असतो."

"मी मिशा नाही, चष्मा काढला होता." माझ्या तोंडून गेलं.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणजे शर्टकडे नाही, माझ्याकडे. मी उगीचच टेबल पुसायला घेतलं.

"तुमच्या घरी कोणतं आहे?" त्यानं विचारलं.

आणि मी हसून म्हणाले, "हेच."

"मजा आहे बुवा तुमची." त्यात असूया नव्हती, टोमणा नव्हता. खरंच आनंद झाला होता त्याला. तेच टोचलं.

तो पुन्हा आला. मग येतच राहिला. एका मोठ्या प्रकाशनाकडून विज्ञानाच्या सगळ्या पुस्तकांच्या चित्रांचं काम त्याला मिळण्यासारखं होतं. आधी एका धड्याचा नमुना द्यायचा होता, आणि त्यांचं चित्रांचं सॉफ्टवेअर चालायचं फक्त तुमच्या मशीनवर. त्यांनी ते त्याला वापरायला दिलं होतं. मशीन मात्र ज्याचं त्यानं आणायचं. म्हणून तो आमच्या टेबलावरच्या मशीनवर हात बसवत होता. बसून काम करायला बंदी होती, तर उभ्या उभ्या.

"मॅडम, आज अर्धा बेडूक झाला."

"अर्धा पुरे. साहेब बघतायत."

"बघू देत की. कुठला अर्धा झालाय ते विचारा."

"कुठला?"

"हृदयाचा."

"बेडकाच्या हृदयाबद्दल बोलताय ना?"

"तूर्तास."

ते टेबलावरचं मशीन रोज बंद होताना आपोआप पुसलं जातं. कुणी काही करून ठेवलं असेल तर सगळं जातं. तुमचाच नियम. एका संध्याकाळी मी स्क्रीन बंद करायला गेले, तर समोर एक बेडूक. पोट फाडलेला नव्हता. मजेत बसलेला, डोळ्यांवर मी शाळेत काढला होता तसा गोल चष्मा. खाली काही लिहिलं नव्हतं. मी हात मागे बांधून बघत राहिले. मग स्क्रीन पांढरी झाली आणि तो गेला. ठेवून घेण्याची सोयच नव्हती... बाहुली म्हणाली, "रडतेस काय? एसी लागला का?"

"हो," मी म्हणाले. आणखी एक खोटं.

कामावरून सुटल्यावर तो कोपऱ्यापर्यंत सोबत येऊ लागला. "अहो, हळू चाला ना जरा," मी एकदा म्हटलं, तर थांबून म्हणाला, "अहो म्हणू नकोस. लोकांना वाटेल, लग्न झालंय." मी 'अहो' सोडलं. तोही 'मॅडम' सोडेल असं वाटलं, पण ते त्यानं ठेवलं, चिडवायला.

मग एके दिवशी चालता चालता तो अडखळला. "एक मागू? नाही म्हणालीस तरी चालेल. सोमवारी नमुना द्यायचाय. रविवारी तुला सुट्टी असते ना, तुझ्या घरी येऊ? एक दिवस तुझ्या मशीनवर बसतो... उभं राहून बेडूक वाकडा येतोय."

माझ्या मशीनवर! आमच्या घरी आहे ते दादानं जुन्या भागांतून जोडलेलं. तापतं, म्हणून त्याची एक बाजू कायमची उघडी, आणि तिच्यासमोर टेबलफॅन. घरातला एकमेव.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. 'अरे, ते शोरूममधलं बोलणं होतं.' एवढंच वाक्य. पण त्यानं किती आनंदानं म्हटलं होतं, मजा आहे बुवा तुमची... मी म्हणाले, "बाबांना विचारून बघते. त्यांना पाहुणे फारसे आवडत नाहीत."

माझे बाबा रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही चहाला घेऊन येतात. बाबांनाही मी खोट्यात ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणजे आमच्या शोरूमचे मॅनेजर, माणूस वाईट नाही. म्हटलं, रविवारी उघडण्याआधी त्याला टेबलावरचं मशीन वापरू द्या. "ते बघण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही," ते म्हणाले. मग मी विचारलं, "साहेब, कंपनी एखादं स्वस्त मॉडेल का काढत नाही? स्क्रीन नाही, थाट नाही, नुसतं मशीन?"

साहेबांनी दरवाजा लोटून घेतला. शब्दच तसा होता.

"हे बघ पोरी, लोक इथून काय घेऊन जातात? कॉम्प्युटर? कॉम्प्युटर सगळीकडे मिळतो. दुसऱ्याला जे परवडत नाही ते आपल्या टेबलावर आहे, हे घेऊन जातात. ते स्वस्तात कसं देणार? आज पत्र्याच्या डब्यात दिलं, तर उद्या हे काचेचं टेबल कशाला हवं? तू कशाला हवीस? मी कशाला हवा?"

खरं सांगते, मला थोडं पटलंही. मीही दोनतीनदा तो शर्ट घालून मुद्दाम मैत्रिणीच्या गल्लीतून गेलेय. जाता जाता मी विचारलं, "साहेब, तुमच्या घरी कोणतं आहे?"

ते हसले. दात. हिरड्या नाहीत.

"हेच," ते म्हणाले.

ते हसू मी ओळखलं. रोज काचेत माझ्याच तोंडावर बघत होते की!

शनिवारी तो आला तेव्हा मी मागच्या खोलीत खोक्यांमध्ये लपले. बाहुलीला सांगितलं, रजेवर आहे म्हण. दाराच्या फटीतून तो दिसत होता. आज मशीनला हात लावला नाही त्यानं. पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत उभा राहिला. मग बाहुलीला म्हणाला, "तिला सांगा, घरी विचारू नकोस. माझ्याच लक्षात यायला हवं होतं... पत्र्याच्या डब्याची भाषा करणारा माणूस घरी कसा न्यायचा, नाही का?"

त्याला वाटलं, मला त्याची लाज वाटते!

मी खोकी पाडत बाहेर आले. तो दरवाजाबाहेर पडला होता. तुमचा शर्ट घालून रस्त्यावर धावायला मनाई आहे. धावले.

"उद्या ये," धापा टाकत म्हणाले. "सकाळीच ये. आणि... काही विचारू नकोस."

रविवारी तो नवा शर्ट घालून आला. जिना चढून वर आला, चपला काढल्या, बाबांना नमस्कार केला, आणि खोलीच्या कोपऱ्यात त्याची नजर गेली. उघडं मशीन, लोंबणाऱ्या वायरी, आणि मशीनकडे तोंड करून फिरणारा पंखा. समोर दादा बनियनवर टायपिंग करत बसलेला.

"हेच," मी म्हणाले. ह्या वेळी हसू आलं नाही.

आई आतून बोलतच आली. "बसा हो. उकडतंय ना? काय करणार, घरात एकच पंखा, तोही त्या मेल्याला लागतो! माणसं घामानं भिजली तरी चालतील, त्याला वारा पाहिजे."

तो खुर्चीवर बसला. पंख्याकडे बघत राहिला.

"आधी सांगितलं असतंस, तर मी दुसरीकडे सोय बघितली असती," तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"लाज वाटली."

"ह्या मशीनची?"

"आधी ह्याची. मग माझी."

आई स्वयंपाकघरात गेली. म्हणजे दाराआड उभी राहिली. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. दादा टायपिंग करत होता, पण बोटं फारच सावकाश पडत होती.

"बेडूक पुरा झाला की मी तुला आज एक विचारणार होतो," तो म्हणाला.

"मग विचार ना."

"विचारून काय करू? तू हो म्हणशील. तू सगळ्यांनाच हो म्हणतेस, मॅडम. दात दाखवून. मला कसं कळणार कुठलं शिकवलेलं आणि कुठलं तुझं?"

ह्याहून मोठी थोबाडीत मला कुणी दिली नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण ते ऐकताना माझं तोंड हसत होतं. सवयीनं! गिऱ्हाईक नाराज झालं की आपोआप ताणले जाणारे ते ओठ...

"हसू नकोस," तो म्हणाला. "हसल्याशिवाय सांग. मी आवडतो का?"

मी तोंडावर हात ठेवला. ओठ खाली येईपर्यंत तसाच धरून ठेवला. घाम, नाक, डोळे, सगळंच वाहत होतं. दात नाहीत, काही नाही.

"आवडतोस. त्या अर्ध्या बेडकापासून. त्याच्याही आधी, एसीखाली डोळे मिटून उभा होतास ना, तेव्हापासून."

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

दाराआडून आई म्हणाली, "अगं, मग पंखा तरी इकडे वळव! घाम बघ त्याचा."

मी पंखा वळवला. त्याचे केस उडाले, बाबांचा पेपर उडाला आणि कोपऱ्यात मशीन घरघर करून बंद पडलं.

"माझी फाइल!" दादा किंचाळला.

तेव्हा तो हसला. हिरड्या दिसेपर्यंत. मग मीही.

सगळं गोड झालं असं समजू नका. सोमवारी तो कागदावर काढलेला बेडूक घेऊन प्रकाशनात गेला. तिथल्या बाई म्हणाल्या, सुंदर आहे, पण फाइल कुठाय? काम दुसऱ्याला गेलं. त्याचा बेडूक मुलांच्या पुस्तकात येणार नाही. त्यात माझ्या 'हेच'चा वाटा आहे, आणि तो माझा हात धरून चालतो तेव्हाही मला ते आठवतं. लाज अशी पुसली जात नाही, संध्याकाळी आपोआप.

त्याच सोमवारी एक बाई मुलीला घेऊन शोरूममध्ये आल्या. किमतीची पाटी बघून मुलीचा हात घट्ट धरला आणि मला विचारलं, "तुमच्या घरी कोणतं आहे?" मी म्हणाले, "दादानं जोडलेलं. पंखा लावावा लागतो. पण चालतं." बाईंचा हात सैल झाला. मुलगी हसली. साहेबांनी मला आत बोलावलं.

शर्ट परत घेतलाय. म्हणे, वरून, म्हणजे तुमच्याकडून, विचारणा आहे, असं का बोललात त्याचा खुलासा द्या.

हा घ्या खुलासा. आणि आता तुमची पाळी. स्क्रीन आमच्याकडे आहे. कीबोर्ड आहे. बेडूक काढणारे हात आहेत. नुसतं आतलं मशीन, साध्या पत्र्याच्या डब्यात घालून, आमच्यासारख्यांना झेपेल असं का देत नाही? देता येत नाही, की आमच्या टेबलाखाली तुमचं नाव असल्याची लाज वाटते?

हसू नका. हसल्याशिवाय सांगा.