रिकाम्या खोलीतला वाचक

"पटणार नाही तुम्हाला. गळ्याची शपथ घेतली तरी पटणार नाही!" ही गोष्ट सांगायला बसला की भाचा आधी असं बजावतो. भाचा म्हणजे पन्नाशीचा, टक्कल पडलेला गृहस्थ. त्याची आत्या खाजगी गुप्तहेर; सगळं गाव तिला आत्याच म्हणतं, म्हणून तो अख्ख्या गावाचा भाचा.

त्या गुरुवारी ग्रंथालयातल्या काउंटरबाई रडत नव्हत्या, धुमसत होत्या.

"वीस वर्षं राबले, आत्या. आणि आज पाच वाजता साहेब हातात बडतर्फीचं पत्र देणार!"

ग्रंथालयाने औषधांचा संदर्भकोश घेतला होता. कोश दूरच्या सर्व्हरवर. उघडायचा इथल्या संगणकांवर. मात्र ग्रंथालयाच्या साहेबांनी योजना निवडली ती सगळ्यात चिंगूस: एका वेळी एकच वाचक. सोमवारपासून पडद्यावर तेच ते: 'आत वाचक आहे. थांबा.' दवाखान्यातल्या नर्सा हात हलवत परत जात होत्या.

आत्याने सर्व्हरवाल्याला फोन लावला.

"तुमच्याच इमारतीतून कोणीतरी आत बसलंय," तो म्हणाला. "खोली मला दिसत नाही. पूर्वी अर्ध्या तासाने आपोआप बाहेर काढायचो. शनिवारी तुमच्या साहेबांनीच ते बंद करायला लावलं. वाचन तुटतं म्हणे."

"वाचनकक्षातल्या संगणकांचं काय?" आत्याने विचारलं.

"रोज जाताना मी वायरीच उपसून जाते," बाई म्हणाल्या.

साहेब खोलीत पाय पसरून बसले होते. "बाईंनीच अडवलाय कोश! माझा संगणक मी स्वतःच्या हाताने बंद केलाय. सोमवारपासून बंदच आहे." पडदा खरंच काळाठिक्कर होता.

टेबलाखाली, संगणकाच्या डब्यावर, एक मांजर ताणून झोपलं होतं. भाच्याने त्याला हुसकलं. ते फिरून तिथेच आलं.

"मऊ गादी ठेवलीय त्याला, ढुंकून बघत नाही," साहेब म्हणाले.

"मूर्खच आहे," भाचा म्हणाला.

"तुझ्यापेक्षा शहाणं आहे ते," आत्या म्हणाली. "बाईंना बोलाव."

बाई आल्या. आत्याने डब्यावर तळहात ठेवला.

"थंडीत मांजर ऊब शोधतं. चार दिवस बंद असलेला डबा गरम कसा, साहेब?"

तिने पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला. कोश उघडाच होता. पान: 'टक्कल आणि उपचार'.

"तुम्ही संगणक बंद करतच नाही, नुसता पडदा विझवता! इतके दिवस सर्व्हर तुम्हाला बाहेर काढायचा, म्हणून निभावलं. शनिवारी तीही सोय घालवलीत. तुमच्या डोक्यावर चार केस उगवावेत म्हणून नर्सा दारातून परत गेल्या. आणि नोकरी कोणाची घेत होतात? हिची?"

"आत्या, जरा खाली सरकव ना," भाचा पडद्याला नाक लावून म्हणाला. "औषधाचं नाव राहिलं."

भाचा हे हल्ली वाचनकक्षात बसूनच सांगतो. शेवटाला आवाज चढवतो: "साहेबांनी तिथल्या तिथे पत्र फाडलं! बाईंपुढे हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं आणि माफी मागितली!"

काउंटरवर शिक्का धाडकन आपटला.

"साफ खोटं!" काउंटरबाई ओरडल्या. "पत्र फाडलं, तेवढं खरं. माफी? वर्ष झालं, मी अजून वाट बघतेय!"