अर्ध्या नदीची हद्द

पोलीस चौकीत लोक काय काय विचारायला येतात, हे चौकीच्या ओट्यावर एक सकाळ काढल्याशिवाय कळत नाही. बैल हरवला तर रिपोट घेता का? भावानं धुऱ्यावरचं झाड तोडलं, त्याला बोलावून दम देता का? बायको माहेराहून येत नाही, वारंट निघते का? रिपोटची नक्कल हातात मिळते, का तिच्यासाठी पुन्हा आठ दिवस यावं लागते? पळसघाटच्या चौकीत जमादार घनश्याम ह्या सगळ्यांना उलटं विचारी. बैल कोणत्या रस्त्यानं गेला? झाड कोणत्या शिवारातलं? बायकोचं माहेर कुठं? म्हणजे, हद्द कोणाची? आणि हद्द बहुतेक करून दुसऱ्याचीच निघे. मग जमादार पान तोंडात टाकी, आणि माणूस आल्या वाटेनं परत जाई.

श्रावण ढिवर त्या ओट्यावर गेला तो आपल्या जाळ्यासाठी. काठावर वाळत घातलेलं नवं जाळं कोणीतरी उचलून नेलं होतं. श्रावण साठीच्या पुढचा. वैनगंगेवर मासोळी धरायची आणि डोंगा चालवायचा, एवढंच त्यानं जन्मभर केलं. गावात त्याच्याशी कोणी सरळ बोलत नसे, कारण तो कोणाशी सरळ बोलत नसे. दिवाळी होऊन गेली होती, धान कापणीला आलं होतं.

जमादारानं जाळ्याचं ऐकून घेतलं, आणि मान हलवली. काठ आपला, रिपोट लिहितो म्हणाला. पण आधी एक काम कर. मधल्या खडकाला एक मढं लागलं आहे. आपल्या बाजूनं आहे. बांबूनं दोन हात तिकडं सरकव.

जिल्हा फुटून तेव्हा दोन वर्षं झाली होती. तोवर नदीच्या दोन्ही तीरांना चांदा जिल्हाच होता. मग पलीकडचा तीर गडचिरोलीकडे गेला, आणि कोणीतरी कागदावर नदीच्या मधोमध रेघ ओढली. अर्धी नदी पळसघाट चौकीची, अर्धी पलीकडच्या कोसमटोला चौकीची. पाण्याला ती रेघ कोणी दाखवली नव्हती. पण मढं ज्याच्या अर्ध्यात, पंचनामा त्याच्या गळ्यात. पंच गोळा करा, बंडी करा, तालुक्याच्या दवाखान्यात न्या, महिनाभर कागद रंगवा. दोन हात पाणी ओलांडलं की हे सगळं टळत होतं. दोन वर्षांत अशी किती मढी पलीकडे सरकवली, ते कोणत्याच वहीत नव्हतं.

श्रावण गेला. मढं पालथं होतं. अंगात निळ्या रेघांचा सदरा. केस पाण्यात गवतासारखे हलत होते. नदीवर मढ्याचा वास अर्ध्या कोसावरून येतो, ह्याला वास नव्हता. नुकत्या नांगरलेल्या बांधीचा येतो तसा ओल्या मातीचा वास तेवढा होता. वर एक कावळा नव्हता. श्रावणनं तोंड पाहिलं नाही. तोंड पाहिलं की ओळख लागते, आणि ओळख लागली की ढकलता येत नाही. त्यानं बरगडीला बांबू लावला, जोर केला. पलीकडच्या धारेनं मढं घेतलं आणि खालच्या वळणापलीकडे नेलं. दुपारी जाळ्याची रिपोट लिहिली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळा घाटावर आली. पस्तिशीची असेल. पळसघाटच्या वरच्या अंगाला टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा चैतू पलीकडे धान कापायला गेला होता. मंगळवारी संध्याकाळी यायचा, तो आलाच नाही. पळसघाटच्या चौकीनं तिला सांगितलं, तो तिकडे गेला होता ना, मग तिकडे रिपोट दे. कोसमटोल्यानं सांगितलं, राहायचा पळसघाटकडे ना, मग तिथंच दे. आता ती पुन्हा कोसमटोल्याला चालली होती.

"भाऊ," डोंगा सुटल्यावर तिनं विचारलं, "पाण्यात काही दिसलं का?"

"नाई."

त्यानं नाई म्हटलं, आणि त्याला तो सदरा दिसला. त्याच खडकाला, अलीकडच्या बाजूनं. खडकाजवळ पाणी नेहमी बोलत असतं. त्या सकाळी तिथलं पाणी गप्प होतं. श्रावणनं डोंग्याचं तोंड फिरवलं, म्हणजे खडक गोकुळाच्या पाठीमागे राहील. ती पलीकडच्या तीराकडे पाहत बसली. तिचा पदर वाऱ्यानं मागे उडत होता, आणि ज्या बाजूला उडत होता तिथं तो माणूस पालथा पडला होता.

तिला उतरवून तो परतला. शिव्या देत देत पुन्हा ढकललं. तिसऱ्या दिवशी मढं पुन्हा खडकावर.

श्रावणचं डोकं फिरलं. तो डोंगा घेऊन सरळ पलीकडे गेला आणि तिकडच्या इसरू डोंगेवाल्याला त्यानं काठावरच धरलं. तुमच्या चौकीचं काम तू आमच्यावर काऊन लोटून राह्यला, म्हणून त्याच्या सात पिढ्या काढल्या. इसरूनं ऐकून घेतलं. तो विडी ओढत होता, ती त्यानं विझवली.

"भाऊ, मी मढं पाह्यलोच नाई. लेकराची आण."

"मंग ते वापस येते कसं?"

"तेच मी तुमाले विचारतो." इसरू हळू बोलला. "तुमी ढकलता, ते खाली जाते. नदी वरून खाली वाहते ना... मंग तुमच्या खडकापर्यंत वर कोण आणते?"

एवढी साधी गोष्ट श्रावणच्या ध्यानात आली नव्हती. रागात माणसाच्या ध्यानात काही येत नाही. आयुष्यभर ज्या पाण्यावर तो बसला त्या पाण्याकडे त्यानं पाहिलं. पाणी दक्षिणेकडे चाललं होतं, नेहमीसारखं.

त्या दिवशी त्यानं मढ्याच्या काखेत दोर घातला आणि डोंग्यामागे ओढत ते दीड कोस खाली नेलं. दोन वळणं ओलांडली. तिथं दोर कापला. येताना पाठीमागून कोणी पाहतं आहे असं त्याला सारखं वाटत होतं. पण वळून पाहणाऱ्यांतला तो नव्हता. घरी येऊन जेवला, झोपला. झोप लागली नाही, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

सकाळी धुकं होतं. घाटावर हाताला हात दिसत नव्हता. श्रावण पायानं वाट चाचपत उतरला. आवाज त्याला आधी आला. टक्... मग बराच वेळ काही नाही... टक्. लाकडावर काहीतरी हळूच लागत होतं. त्यानं डोंग्याच्या कडेवर हात ठेवला आणि खाली वाकला.

खडक तिथून दोनशे हात दूर. मढं आता खडकावर नव्हतं. ते श्रावणच्या डोंग्याला डोकं टेकून होतं. पाणी उचले तसं डोकं लाकडावर लागत होतं. दाराशी आलेला माणूस किती वेळ झाला कोणी उघडत नाही म्हणून कपाळ टेकून उभा राहतो, तसं.

श्रावण भ्याला. मी खोटं कशाला सांगू, चांगलाच भ्याला. पण श्रावणची भीती फार वेळ भीती राहत नसे, तिचा राग होई. तो तसाच वर चढला आणि जमादाराला सांगायला चौकीकडे निघाला.

ओट्यावर गोकुळा उभी होती. समोर दोन-चार माणसं आपापले प्रश्न घेऊन बसली होती. ती कोणाकडे पाहत नव्हती. तिचा आवाज रडका नव्हता, थकलेला होता.

"रिपोट नका घेऊ. एवढंच सांगा, साहेब. मी कुंकू ठेवू का पुसू?"

जमादारानं वहीत पाहत उत्तर दिलं. "ते आमच्या खात्यात येत नाई, बाई."

एक म्हातारा उगाच खोकला. श्रावण पायरीवरच थांबला होता, तो काही न सांगता मागे फिरला.

त्यानं गोठ्यातून बैल सोडले, बंडी जुंपली, घाटावर नेली. पाण्यात उतरला, पालथ्या माणसाच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. धानाच्या पेंडीएवढं वजन होतं. इतके दिवस पाण्यात राहिलेलं मढं दोन माणसांना उचलत नाही. श्रावणनं ते तसंच पालथं बंडीत ठेवलं. तोंड अजूनही पाहिलं नाही. पण आता त्याचं कारण वेगळं होतं. आधी पाहायचा हक्क दुसऱ्या कोणाचा होता.

"चाल बाबा," तो म्हणाला, "तुले जिथी जायचं तिथी नेतो."

बैलांना त्यानं हाकललं नाही. ते आपणच निघाले, कान मागे टाकून, धापा टाकत. ते बैल जन्मात चौकीकडे गेले नव्हते. वाटेत जिथं फाटा लागतो तिथं श्रावणनं कासरा ओढलासुद्धा नाही, ते बरोबर वळले. गावातली माणसं धान टाकून रस्त्याला आली. बंडीतून पाणी गळत होतं. घाट ते चौकी अर्धा कोस, पण गळणं थांबलं नाही, कमीही झालं नाही.

श्रावणनं त्याला उचलून चौकीच्या ओट्यावर ठेवलं. प्रश्न विचारायला आलेली माणसं भिंतीला लागली. जमादार खुर्चीवरून उठला. त्याचा चेहरा उतरला, तरी सवय सुटली नाही.

"हे कुठी सापडलं?"

"तुमच्या ओट्यावर," श्रावण म्हणाला. "आता सांगा, हद्द कोणाची?"

जमादारानं त्याला बाजूला घेऊन समजावलं. असं करू नको, मी तुझा माणूस, तुझं जाळं मीच लिहिलं. श्रावणनं ते ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात परत सांगितलं. जाळ्यासाठी मी माणूस ढकललो, म्हणाला. दोनदा ढकललो, तिसऱ्यानं दोर लावून ओढलो. ते बी लिवा.

तोवर गोकुळा पुढे झाली होती. ती खाली बसली आणि तिनं सदऱ्याची कॉलर उलटून पाहिली. तिथं आतून हिरव्या दोऱ्यानं शिवण घातलेली होती. तिनं फक्त मान हलवली. मग तिनंच त्याला खांद्याला धरून उताणं केलं, आणि तोंडावर पदर टाकला. चैतूचं तोंड तिच्याशिवाय त्या दिवशी कोणी पाहिलं नाही.

पंचनामा सुरू झाला. पंचांत श्रावण आणि तो खोकणारा म्हातारा. जमादार वरून खाली लिहीत आला. डोकं, छाती, हात. पायापाशी आला आणि त्याचं पेन थांबलं.

तळव्यांना कातडी नव्हती. टाचा झिजून गेल्या होत्या, बोटांची टोकं झिजली होती. मांसात नदीच्या तळची बारीक रेती आणि खडे रुतून बसले होते, दाबून दाबून भरल्यासारखे. दूरच्या वाटेनं अनवाणी चाललेल्या माणसाचे पाय असे होतात. पण काठावरच्या वाटेत ती रेती नाही. ती रेती फक्त मधल्या धारेच्या तळाशी असते. श्रावणला ती ओळखू आली, कारण जाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्यांना तीच चिकटून येते.

"लिवा," तो म्हणाला.

"काय लिवू?"

"जे दिसते ते. पाय झिजले. रेती भरली. पाण्याच्या खालून चालत आला."

"असं लिवता येत नाई, श्रावण. वरचे मले विचारतीन..."

"विचारू द्या. त्यानं चार खेपा केल्या विचारायसाठी, त्याले कोणी उत्तर देल्लं? लिवत नसाल तं माझा अंगठा भेटत नाई."

म्हाताऱ्यानंही आपला हात मागे घेतला. दुपार कलेपर्यंत जमादार नुसता बसून होता. मग त्यानं लिहिलं. चालत आला हे लिहिलं नाही, पण दोन्ही तळपाय पूर्ण झिजलेले, आत रेती, हे लिहिलं. ढकलल्याचं श्रावणच्या जबानीत लिहिलं. श्रावणनं दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि अंगठा उमटवला. गोकुळाला नक्कल मिळाली. तिनं ती घडी करून कमरेला खोचली आणि कोणाला न विचारता ओट्यावरच्या माठातल्या पाण्यानं कपाळ पुसलं.

चैतूला दुसऱ्या दिवशी माती दिली. त्याच्या पुढच्या सकाळी श्रावण घाटाकडे चालला होता, तर जमादार चौकीच्या अंगणात उभा दिसला. दार उघडं होतं, पण तो आत जात नव्हता. त्यानं श्रावणला हाक मारली. भाऊ म्हणून मारली, जन्मात पहिल्यांदा.

"हे पाहा, भाऊ."

अंगणाच्या धुळीत ओली पावलं होती. घाटाकडून वर आलेली. एकाची नव्हती. मोठी होती, बायकांची होती, एकाच्या पायात वाळा असावा तशी टाचेजवळ गोल खूण होती. सगळी चौकीकडे येत होती. एकही परत गेलेलं नव्हतं. ओट्यावर ती एकामागे एक, रांगेत, दाराकडे बोटं करून थांबली होती. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी एक पाऊल वाळलेलं नव्हतं. ओट्याला नुकत्या नांगरलेल्या मातीचा वास होता.

"पुसू का?" जमादारानं विचारलं.

"पुसून पाहा," श्रावण म्हणाला. "ते जाणार नाईत. लोक आलेत, खुर्चीवर बसा."

घनश्याम जमादार पावलांना पाय न लावता, भिंतीला घासत आत गेला. खुर्चीवर बसला. वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. रिकाम्या ओट्याकडे न पाहता त्यानं विचारलं,

"नाव...?"

आणि दाराच्या कोरड्या उंबऱ्यावर, श्रावणच्या डोळ्यांदेखत, एका लहान लेकराचं ओलं पाऊल उमटलं.