चाकाची पिन

कुंडलच्या रस्त्यावर मयूरीची गाडी पंक्चर झाली, आणि समोर वर्कशॉप दिसलं ते साईराजचं.

तो टायरमध्ये हवा भरत होता. ती मात्र हवेच्या टाकीवरच्या काळ्या डायलकडे बघत होती.

"हा... हा कुठून आणलात?"

"पणजोबांचं भंगार हाय, म्याडम. ते फौजेत हुते. लढाई संपल्यावर लिलावात घेतल्यालं. मागं ढीग पडलाय त्याचा."

"अहो, हा लढाऊ विमानाचा डायल आहे! मी किती दिवस शोधत फिरतेय—"

"मला?" तो गालात हसला. "मग गावलो की!"

मयूरीलाही हसू आवरलं नाही.

ती वाईची. पुण्यात काहीजण महायुद्धातलं एक विमान पुन्हा उडतं करत होते, त्यांची ती इंजिनिअर. भाग त्याच काळातले, अस्सल असायला हवेत, हा तिथला नियम.

मग दर रविवारी ती कुंडलला येऊ लागली. उसाच्या कडेला दोघं ढीग उपसत बसत. एखादा तुकडा रॉकेलनं पुसून तो तिच्यापुढं धरायचा, ती आनंदानं ओरडायची, आणि तो तिच्याकडंच बघत राहायचा. एकदा तिच्या गालावरचं ग्रीस त्यानं मनगटानं पुसलं, आणि ती पुढचा तुकडा उचलायचं विसरली.

"पोरी, तुज्या आईला भेटाया कवा येऊ?" साईराजची आई शालूबाई एक दिवस म्हणाली.

मयूरी लाजली. "चाकाची पिन तेवढी सापडू दे, मावशी. मग या."

विमानाचं चाक ज्यावर पेलतं ती पिन. ढीग तळाला गेला तरी ती मिळेना. आणि एका रविवारी साईराजनं गंजलेली पिन तिच्या हातावर ठेवली. मयूरीनं त्याला मिठीच मारली.

पुण्यात पिनच्या धातूच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा ती फोन न करताच निघाली. साईराज लेथ मशीनवर लोखंड कातत होता.

"ही ढिगातली आहे?"

त्यानं लेथ बंद केलं. "न्हाई... म्याच केली. ॲसिड लावून गंजवली."

"का?"

"ढीग सपला हुता. तू यायची थांबली असतीस."

"मी पिनसाठी येत होते, असं वाटलं तुला?" तिचा आवाज चढला. "विमान उतरताना ही मोडली असती, साईराज! आत माणूस असतो!"

"सांगनार हुतो. रोज ठरवायचो..."

"बसवायच्या आधी, की नंतर?"

त्यानं लेथवरचा लोखंडाचा कीस हातानं झाडला.

"तुझ्याकडून आलेलं सगळं काढून टाकलंय पुण्यातल्यांनी."

"बाकीचं तर खरं हाय, मयू!"

"मला माहीत आहे. पण माझ्या शब्दावर आता कुणी खिळासुद्धा बसवणार नाही."

तेवढ्यात शालूबाई चहा घेऊन आली. "आलीस व्हय! म्या साडी बी काडून ठिवलीया. ह्या रविवारी वाईला येतोच बग आमी."

मयूरीनं चहा उभ्यानंच प्यायला. रिकामा कप शालूबाईच्या हातात देत ती म्हणाली, "नका येऊ, मावशी."

शालूबाईनं लेकाकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

तो गाडीपर्यंत आला. "माजं पिरेम तरी खोटं न्हवतं."

"माझंही नव्हतं," ती म्हणाली, आणि तिनं काच वर घेतली.

पुढं उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या. तिची गाडी बराच वेळ वर्कशॉपपासून हाकेच्या अंतरावर उभी होती. तो आला नाही. तीही उतरली नाही. मग रस्ता मोकळा झाला.